वाचलेला खर्च जातो कुठे?

ज्यांनी कधी डेटा सेंटरमध्ये काम केलं आहे त्यांना तिथल्या आवाजाचं वर्णन करून सांगायला नको. शेकडो पंख्यांची आणि कूलिंग युनिट्सची ती एकसुरी घरघर चार-आठ दिवसांत कानांच्या अंगवळणी पडते. ती पुन्हा जाणवते ती एकदम थांबते तेव्हा. २०१३ सालच्या नोव्हेंबरमध्ये एका शनिवारी रात्री न्यू जर्सीतल्या आमच्या विमा कंपनीचं जुनं डेटा सेंटर कायमचं बंद झालं, तेव्हा मी तिथे हजर होतो. शेवटचं कूलिंग युनिट बंद झाल्यावर त्या भल्यामोठ्या दालनात आम्ही सात-आठ जण मिनिटभर नुसते उभे होतो. मग कुणीतरी टाळ्या वाजवल्या. प्रकल्प वेळेत आणि अंदाजपत्रकाच्या आत पार पडला होता. त्या वर्षी मला बोनसही चांगला मिळाला.

टाळ्या वाजवायला एक माणूस नव्हता. सत्तावीस वर्षं त्या दालनात रात्रपाळी केलेला आमचा ऑपरेटर. त्याची नोकरी सप्टेंबरातच संपली होती. ती संपणार हे मला एप्रिलपासून ठाऊक होतं. बंद करायच्या सर्व्हर्सची यादी ज्या तक्त्यात होती, त्याच तक्त्याच्या दुसऱ्या पानावर अकरा माणसांची यादी होती आणि दोन्ही याद्या मीच केल्या होत्या.

या गोष्टीला आता बारा वर्षं उलटून गेली. मी तेव्हा जे केलं ते चूक होतं का, हा प्रश्न मला अजून अधूनमधून पडतो. 'धंदा आहे, चालायचंच' या उत्तराने समाधान होत नाही आणि 'भांडवलशाहीच वाईट' हे उत्तर तिच्याच बोनसवर घराचे हप्ते फेडलेल्या माणसाच्या तोंडी शोभत नाही. या दोहोंच्या मधे काही सापडतं का ते पाहावं, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्या मंडळात निम्मे लोक आयटीतले. उरलेल्या निम्म्यांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरची काही वर्षं, 'एक काम, एक सर्व्हर' असा शिरस्ता पडला होता. एकाच यंत्रावर दोन प्रोग्रॅम ठेवले आणि एक कोसळला तर तो दुसऱ्यालाही घेऊन बुडायचा. मग कुणामुळे कोण पडलं यावरून खात्याखात्यांत भांडणं. त्यापेक्षा प्रत्येकाने आपापला सर्व्हर घेतलेला बरा. सोसायटीत प्रत्येक बिऱ्हाडाने स्वतःचा पाण्याचा पंप बसवावा तसा हा प्रकार होता. बहुतेक पंप दिवसातले तेवीस तास नुसतेच बसून असतात, तसे हे सर्व्हरही आपल्या ताकदीच्या दहा-पंधरा टक्केसुद्धा काम करत नसत. पण पंप बंद असला तर वीज खात नाही. त्या काळातला सर्व्हर मात्र रिकामा बसूनही पूर्ण भाराच्या निम्म्याहून अधिक वीज खात असे. शिवाय त्याने तापवलेली हवा थंड करायला वेगळी वीज लागायची. अपटाइम इन्स्टिट्यूटने २००७ साली केलेल्या पाहणीत हे गुणोत्तर सरासरी अडीच निघालं होतं. म्हणजे संगणकाला एक युनिट वीज पोचवण्यासाठी इमारत एकूण अडीच युनिट घेत होती.

यावर उपाय निघाला तो एका दणकट यंत्रावर अनेक 'आभासी' यंत्रं चालवण्याचा. कल्पना जुनीच होती. आयबीएमने मेनफ्रेमसाठी १९७२ सालीच व्हीएम/३७० बाजारात आणली होती. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने २००१ पासून तीच युक्ती साध्या सर्व्हर्ससाठी उपलब्ध केली. २००६ मध्ये अॅमेझॉनने स्वतःची संगणकशक्ती तासावर भाड्याने द्यायला सुरुवात केली आणि 'क्लाउड'चं युग आलं. २०१० मध्ये अमेरिकी सरकारनेही आपली शेकडो डेटा सेंटर्स बंद करून एकत्र आणण्याची मोहीम हाती घेतली. विवेक कुंद्रा तेव्हा सरकारचे पहिले मुख्य माहिती अधिकारी होते. त्यांनी दाखवून दिलं होतं की १९९८ साली ४३२ असलेली सरकारी डेटा सेंटर्स बघता बघता ११०० च्या वर गेली होती. आमची कंपनी या वरातीत थोडी उशिराच सामील झाली.

आता पहिली गोष्ट कबूल करायला हवी. ही उधळपट्टी थांबवणं योग्यच होतं. आमच्याकडे असे सर्व्हर होते की त्यांचा धनी कोण, ते काय करतात, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. २०१५ साली जोनाथन कूमी आणि जॉन टेलर यांनी सुमारे ४००० सर्व्हर्सची आकडेवारी तपासली, तेव्हा त्यांतले ३० टक्के सहा महिन्यांत काहीही उपयोगाचं काम न केलेले निघाले. दिवा चालू ठेवून खोलीबाहेर गेलं की आपल्या आया ओरडायच्या. इथे हजारो खोल्यांत वर्षानुवर्षं दिवे चालू होते. काटकसर हा आपल्याकडे सद्गुण मानला जातो आणि मला तो आजही सद्गुणच वाटतो.

प्रश्न त्यापुढचा आहे. आमच्या सादरीकरणात शेवटच्या स्लाइडवर एक आकडा मोठ्या अक्षरांत होता, 'वार्षिक बचत'. बचत म्हटलं की डोळ्यांसमोर येतं की पैसे जात होते, ते आता जाणार नाहीत. पण प्रत्येक खर्च ही दुसऱ्या कुणाची तरी मिळकत असते. सर्व्हर बंद केल्याने जी वीज वाचली ती खरोखर वाचली. कुणाच्या ताटातला घास त्यामुळे गेला नाही. रात्रपाळीचा ऑपरेटर कमी केला तेव्हा मात्र खर्च नाहीसा झाला नाही, तो कंपनीच्या वहीतून निघून त्याच्या घरच्या वहीत जाऊन बसला. आमच्या स्लाइडवर या दोन्ही गोष्टींची एकच बेरीज होती.

विजेची बचत तरी टिकते का? १८६५ साली विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने 'द कोल क्वेश्चन' नावाचं पुस्तक लिहिलं. वाफेची इंजिनं जसजशी कमी कोळशात जास्त काम करू लागली, तसतसा देशाचा एकूण कोळसा कमी जळण्याऐवजी जास्तच जळू लागला, कारण स्वस्त झालेली शक्ती लोक हजार नव्या ठिकाणी वापरू लागले. डेटा सेंटर्सचं काय झालं? अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २००७ मध्ये काँग्रेसला सादर केलेल्या अहवालात २००६ सालचा वापर ६१ अब्ज युनिट दाखवला होता आणि तो पाच वर्षांत जवळजवळ दुप्पट होईल अशी भीती घातली होती. तसं झालं नाही. लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेच्या अंदाजाप्रमाणे २०१४ सालीही तो ७० अब्जांच्या आसपासच होता. आमच्यासारख्या हजारो कंपन्यांनी केलेलं आधुनिकीकरण त्या काळात खरोखर कामी आलं, हे न्यायाने सांगितलं पाहिजे.

पण त्याच प्रयोगशाळेच्या २०२४ सालच्या अहवालात २०२३ चा आकडा १७६ अब्ज युनिट आहे, देशाच्या एकूण विजेच्या ४.४ टक्के. संगणकशक्ती नळाच्या पाण्यासारखी मिळू लागल्यावर तिचे नवे उपयोग निघाले आणि कृत्रिम बुद्धिमत्ता हा त्यांतला सर्वात तहानलेला. व्हर्जिनियातल्या लाउडन काउंटीत डेटा सेंटर्सची जगातली सर्वात मोठी दाटी झाली आहे. आपल्याकडे नवी मुंबईत ऐरोलीच्या बाजूलाही जुन्या कारखान्यांच्या पट्ट्यात अशा बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. आमच्या विभागातल्या वीजक्षमतेच्या लिलावात २०२४ साली भाव एका फटक्यात नऊपटींहून अधिक चढला. डेटा सेंटर्सची वाढती मागणी हे त्याच्या कारणांपैकी एक. जून २०२५ पासून न्यू जर्सीतली घरगुती वीजबिलं १७ ते २० टक्क्यांनी वाढली. माझं बिल हातात घेऊन मी स्वयंपाकघरात उभा होतो, तेव्हा मला आमची ती शेवटची स्लाइड आठवली.

आता दुसरा शब्द पाहू. खर्चकपातीच्या जोडीने प्रत्येक सादरीकरणात येणारा हा शब्द म्हणजे 'फ्लेक्सिबिलिटी', लवचिकता. काम वाढलं की दहा यंत्रं घ्या, कमी झालं की सोडून द्या. बांधिलकी नको. यंत्रांच्या बाबतीत यात वावगं काही नाही. आमच्या धंद्यात यासाठी एक प्रसिद्ध उपमा आहे. जुने सर्व्हर म्हणजे 'पेट्स', पाळीव कुत्र्या-मांजरांसारखे. त्यांना नावं असतात, आजारी पडले की त्यांची शुश्रूषा होते. नवे सर्व्हर म्हणजे 'कॅटल', गुरं. त्यांना फक्त नंबर असतात, एखादं आजारी पडलं की मारून टाकायचं आणि दुसरं आणायचं. ही उपमा मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा सगळे हसले आणि मला क्षणभर काही उमगेना. कारण सांगली जिल्ह्यातल्या माझ्या आजोळी गुरांनाच नावं होती! आजोबांच्या बैलजोडीतल्या सर्जाला डाव्या बाजूला जुंपायचं की उजव्या, तो कशाला बुजतो, हे घरातल्या पोरासोरांना ठाऊक असायचं. बेंदराच्या दिवशी त्यांची शिंगं रंगवायची, अंगावर झूल घालायची, पुरणपोळी खायला घालायची. त्या दिवशी काम नाही.

आमच्या मोजपट्टीने त्या बैलांचा हिशेब केला तर काय निघेल? नांगरणी, कुळवणी, पेरणी, मळणी धरून वर्षातले फार तर शंभर-सव्वाशे दिवस काम. म्हणजे 'युटिलायझेशन' तीस-पस्तीस टक्के. उरलेले दिवस नुसता कडबा खाणं. कुठल्याही सल्लागाराने सांगितलं असतं की बैल विका आणि लागेल तेव्हा भाड्याने आणा. पण मृग बरसून गेल्यावर वाफसा येतो तो साऱ्या शिवारात एकाच वेळी. त्या चार दिवसांत भाड्याने बैल कोण देणार? बैल वर्षभर पोसायचा तो त्या चार दिवसांसाठी. तो रिकामा दिसतो तेव्हाही त्याचं एक काम चालू असतं, हाताशी असण्याचं.

याचा प्रत्यय मला डेटा सेंटरमध्येच आला होता. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळ आलं तेव्हा दक्षिण मॅनहॅटनमध्ये एका इमारतीच्या तळघरात पाणी शिरून इंधनाचे पंप बंद पडले. तिथल्या डेटा सेंटरचे कर्मचारी आणि ग्राहक यांनी डिझेलच्या बादल्या जिन्यावरून हातोहात सतराव्या मजल्यापर्यंत चढवून जनरेटर चालू ठेवला. ही हकिगत तेव्हा वर्तमानपत्रांत गाजली. आमच्याकडची हकिगत कुठेही छापून आली नाही. आमचा रात्रपाळीचा ऑपरेटर सोमवारी संध्याकाळी कामावर आला तो गुरुवारी सकाळी घरी गेला. रस्त्यांवर झाडं पडलेली, बदलीचा माणूस पोचू शकत नव्हता. ठरलेल्या पुरवठादाराचा डिझेलचा टँकर आला नाही, तेव्हा त्याने गावातल्या एका तेलवाल्याला फोन लावला. बास्केटबॉलच्या निमित्ताने त्यांची मुलं एकमेकांना ओळखत होती. टँकर आला. क्लेमचे फोन चालू राहिले. ज्यांची छपरं उडाली होती अशा लोकांचे ते फोन होते. पाच महिन्यांनंतर मी यादी करायला बसलो, तेव्हा त्याच्या नावापुढे 'रात्रपाळी, देखरेख, स्वयंचलित करता येईल' असं लिहिलं. ते खोटं नव्हतं. तो तेलवाला मात्र कुठल्या रकान्यात बसत नव्हता.

इथवर वाचून कुणाला वाटेल, हा माणूस जुन्याचे गोडवे गातोय. तसं नाही, आणि याचं कारणही आपल्या गावगाड्यातच आहे. बारा बलुतेदारांची पद्धत ही एका अर्थी 'वर्षभर पोसण्याची'च पद्धत होती. सुताराला, लोहाराला कामागणिक पैसे न देता सुगीच्या वेळी धान्याचा वाटा द्यायचा. काम असो नसो, वाटा ठरलेला. ऐकायला किती छान वाटतं! पण त्या सुरक्षिततेला दोरी होती. जन्माने ठरलेलं काम सोडून जाण्याची मुभा नव्हती आणि महारांच्या वाट्याला तर तुटपुंज्या वतनाच्या बदल्यात साऱ्या गावाची आणि सरकारचीही वेठबिगारी आली होती. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक आणलं ते यासाठीच. बांधून टाकणाऱ्या वतनापेक्षा मोकळ्या माणसाची रोख मजुरी बरी, हा त्यामागचा विचार होता. मुंबई राज्यात ही कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडलं. ज्यांच्या पूर्वजांना ती दोरी काचली, त्यांना 'लवचिकता' या शब्दात सुटकेचा श्वास ऐकू आला तर नवल नाही.

आणि आपलं, इथे आलेल्यांचं काय? मी १९९८ साली आलो. वायटूकेचा तो काळ. एच-१बी व्हिसाची मर्यादा ६५ हजारांवरून आधी १ लाख १५ हजार आणि मग १ लाख ९५ हजारांवर गेली, त्या लाटेतला मी एक. आमच्यासारखे लोक कंपन्यांना हवे होते ते हुशार म्हणून, आणि स्वस्त व लवचिक म्हणूनही. माझ्या पहिल्या नोकरीत शेजारच्या टेबलावर पन्नाशीचा एक कोबॉल प्रोग्रॅमर होता. त्याने मला सहा आठवडे मन लावून काम शिकवलं आणि मग तो 'गेला'. गेला म्हणजे कुठे, हे मी तेव्हा विचारलं नाही. मी स्वतःच कुणाच्या तरी शेवटच्या स्लाइडवरची बचत होतो. तेव्हा खर्चकपात अनीतीची, असा सरसकट निवाडा मी दिला तर त्यात पहिला आरोपी मीच ठरेन. आज तीच लवचिकता आपल्या मुलाबाळांच्या वयाच्या एच-१बीवरच्या पोरांना दुसऱ्या टोकाने भेटते. नोकरी गेली की नवी मिळवायला किंवा देश सोडायला साधारण ६० दिवस. २०१७ पर्यंत तर नियमाने तेवढेही नव्हते. कंपनीला लवचिकता मिळते, तेव्हा कुणाला तरी वाकावं लागतं. कोण वाकतं, किती वाकतं आणि त्याला ते आधी सांगितलं होतं का, एवढाच प्रश्न शिल्लक उरतो.

'आधी सांगितलं होतं का' हे शब्द मी उगाच लिहिलेले नाहीत.

सर्व्हर्सची यादी करताना ज्यांचा धनी सापडत नाही त्यांच्यासाठी एक गावठी उपाय असतो. नेटवर्कची वायर काढायची आणि कोण ओरडतं ते बघायचं. याला 'स्क्रीम टेस्ट' असंच म्हणतात. आम्ही मे महिन्यात एका जुनाट सर्व्हरची वायर काढली. तीन महिने कुणी ओरडलं नाही, म्हणून ऑगस्टमध्ये तो भंगारात गेला. २०१४ च्या जानेवारीत एका खात्यातून घाबऱ्याघुबऱ्या फोन आला. निवृत्तीनंतर आमच्याकडून दरमहा रक्कम घेणाऱ्या ग्राहकांचे कराचे फॉर्म वर्षातून एकदा तो सर्व्हर तयार करत असे आणि ते ३१ जानेवारीच्या आत टपालात पडायला हवे होते. हाही एक रिकामा बैलच! त्याचा बॅकअप टेपवर होता, पण बाहेरच्या कोठारात ठेवलेल्या हजारो टेप्सपैकी कुठल्या, ते लेबलांवरून कळेना. ती लेबलं लावायची पद्धत कुणाची होती हे सांगायला नकोच.

मी त्याच्या घरी फोन केला. सप्टेंबरनंतरचा तो माझा पहिला फोन. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि दोन मिनिटांत लेबलाचं कोडं उलगडून सांगितलं. टेप त्याच दिवशी सापडली. मी आभार मानून फोन ठेवणार, एवढ्यात त्याने विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

खोटं बोलता आलं असतं. मी म्हणालो, "एप्रिलपासून."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, "मे महिन्यात आम्ही घर गहाण टाकून मुलीच्या कॉलेजसाठी आणि नव्या छपरासाठी कर्ज काढलं. त्याबद्दल मी तुला कँटीनमध्ये सांगितलंही होतं. तू म्हणालास, छान केलंस." त्याचा आवाज चढला नाही. "जागा बंद होणार होती हे मला समजतं रे. मी काही मूर्ख नाही. पण तू म्हणालास, छान केलंस."

माझ्या बाजूने बोलण्यासारखं बरंच होतं. गोपनीयतेच्या कागदावर माझी सही होती. मनुष्यबळ खात्याची ताकीद होती की कुणाच्या कानावर गेलं तर लोक आधीच सोडून जातील आणि प्रकल्प कोसळेल. मोठ्या कपातीत ६० दिवस आधी नोटीस देण्याचा १९८८ चा संघीय कायदा अकरा माणसांना लागू होत नव्हता. हे सगळं खरं आहे आणि यांतलं काहीही मी त्याला फोनवर सांगू शकलो नाही.

त्यानंतर मला माझ्या प्रश्नाचं निदान अर्धं उत्तर मिळालं. डेटा सेंटर बंद केलं यात माझी चूक नव्हती. तो रात्रपाळीचा हुद्दा आज ना उद्या जाणारच होता. तो अनंतकाळ टिकवणं हेही एक प्रकारचं वतनच झालं असतं. माझी चूक त्या कँटीनमधल्या दोन शब्दांत होती. गुप्तता पाळण्याचं वचन मी दिलं होतं हे मान्य, पण 'छान केलंस' म्हणण्याचं वचन मी कुणालाही दिलं नव्हतं. 'मोठं कर्ज आहे, थोडं थांबून बघ ना' एवढं म्हणायला कुठल्याही कागदाची आडकाठी नव्हती. आणि त्याहून आधी, ज्या बैठकीत वेळापत्रक ठरलं तिथे 'माणसांना चार महिने आधी सांगू या, थांबतील त्यांना जास्तीचे पैसे देऊ या' असं मी म्हणू शकलो असतो. कदाचित ऐकलं नसतं. मी म्हणालोच नाही. न्यू जर्सीने २०२३ पासून मोठ्या कपातीच्या वेळी ९० दिवसांची नोटीस आणि नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे एका आठवड्याचा पगार बंधनकारक केला आहे. म्हणजे ते अशक्य होतं अशातला भाग नव्हता.

आजोबांनीही एकदा म्हातारा बैल विकला होता. भावनेच्या भरात ते सांगायचं राहू नये. दुष्काळाचं वर्ष होतं, कडब्याला पैसे नव्हते. गड्याच्या हाती दोरी देऊन ते मोकळे होऊ शकले असते, पण बाजारात ते स्वतः चालत गेले. त्याने बैलाला काय फरक पडला, असं कुणी विचारेल. बैलाला नसेल पडला. आजोबांना मात्र आपण काय करतो आहोत ते सबंध वाटभर बघावं लागलं. आमच्याकडे त्या अकरा जणांना बातमी दिली ती बाहेरून बोलावलेल्या एका बाईंनी, छापील मजकूर वाचून. मी तेव्हा पुढच्या खोलीत नव्या यंत्रांच्या वायरिंगचा नकाशा तपासत बसलो होतो.

'योगक्षेम' हा शब्द आयुर्विमा महामंडळामुळे आपल्याकडे घरोघरी पोचला. योग म्हणजे जे नाही ते मिळवणं आणि क्षेम म्हणजे जे आहे ते सांभाळणं, असा त्याचा अर्थ सांगतात. आधुनिकीकरणाच्या बैठकांत योगाचा हिशेब अगदी सेंटपर्यंत होतो. क्षेमाला तिथे रकानाच नसतो, कारण सांभाळलेली गोष्ट हरवेपर्यंत दिसत नाही. वादळाच्या रात्रीचा तेलवाला, जानेवारीतले कराचे फॉर्म, एखाद्याच्या घराचं छप्पर यांची किंमत आकड्यांत मांडता येत नाही हे खरं. पण आकडा मांडता येत नाही म्हणून तिथे शून्य लिहिणं, हे मात्र आपण करतो.

गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमात मंडळातला एक तरुण माझ्याशेजारी जेवायला बसला. त्याच्या कंपनीत आता उलटी गंगा वाहते आहे. क्लाउडची बिलं भरमसाट वाढल्यामुळे काही कामं परत स्वतःच्या यंत्रांवर आणायची आहेत, आणि क्लाउड सांभाळणारी एक तुकडी कमी करायची आहे. यादी करायचं काम त्याच्याकडे आलं आहे. स्वतः अजून एच-१बीवर. "काका, तुम्ही हे केलंय ना? काही टिप्स द्या," तो म्हणाला.

मी त्याला तांत्रिक गोष्टी सांगितल्या. ज्या यंत्राचं वर्षभराचं काम पाहिलेलं नाही ते भंगारात काढू नकोस, जानेवारी जाऊ दे, असंही सांगितलं. मग म्हणालो, "माणसांच्या यादीत एक रकाना वाढव. 'याला कोण सांगणार आणि कधी.' आणि जमलं तर त्यात दुसऱ्या कुणाचं नाव लिहू नकोस."

त्याने मान डोलावली, पण हातातला श्रीखंडाचा चमचा तसाच राहिला होता. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "आणि वरून सांगू नका म्हणाले तर?"

त्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर माझ्याजवळ आजही नाही. तरी मी त्याला कँटीनमधली गोष्ट सांगितली. ती मी आजवर कुणालाच सांगितली नव्हती.